पंपाच्या तारेतून मोटार

प्रश्न : सोनारीतल्या (ता. परंडा) शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. प्रयोगशाळा नाही. मुलांच्या हाताला काम देणारे प्रयोग कुठे मिळतील?

उत्तर : बाई, किट मागवायची घाई करू नका; किट बहुधा कपाटातच राहते. अरविंद गुप्ता (पद्मश्री, २०१८) यांच्या ‘अरविंदगुप्ताटॉइज डॉट कॉम’वर टाकाऊतून करायची खेळणी, व्हिडिओ आणि मराठी पुस्तके फुकट आहेत.

सुरुवात मोटारीने करा. शेतीपंपाच्या मोटारींचे रिवायंडिंग करणाऱ्याकडून वार्निशची बारीक तार मागून घ्या. एक टॉर्चचा सेल, दोन सेफ्टीपिना, सायकलच्या ट्यूबचा पट्टा आणि जुन्या स्पीकरचे चुंबक एवढे पुरते. गुंडाळीचे एक टोक पूर्ण खरवडायचे, दुसरे फक्त निम्म्या बाजूने. इथेच बहुतेकांची मोटार अडते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीनंतर बल उलटे लागते आणि गुंडाळी झुलत राहते. हे कारण आधी सांगू नका, मुलांना भांडू द्या. सेल तापू लागला की सर्किट तोडायचे, एवढे मात्र बजावा.

दुसरा प्रयोग बिनखर्चाचा. तुमच्याकडे जुलैअखेरीस एके दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यातही होते, पण तेव्हा सुट्टी असते. ढगांची शक्यता धरून आठवडाभर आधीपासून रोज सावली मोजायला लावा.

पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेला सहल न्यायची असेल, तर आधी वेळ ठरवून घ्या.