न शिकलेल्या कामाला हात घालताना



आपल्या वाडवडिलांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्याचे काम मुलगा बापाजवळ बसून शिके; न शिकलेल्या धंद्यात पडणे शहाणपणाचे समजत नसत. या खेपेस आम्ही दुसऱ्याच तेलाची आणि नेमक्या उलट रीतीची हकीकत सांगणार आहोत.

कुवेत शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, समुद्रकाठी, शुऐबा आहे. १९३८ साली बुरगान येथे तेल लागले, त्यापूर्वी कुवेतचे लोक मोती काढीत, गलबते हाकीत व मोती विकण्यास मुंबईस येत. प्यायचे पाणीदेखील शत्त-अल-अरबहून गलबतांतून येई. तेल निघाले, पण त्याची विद्या आणि मालकी इंग्रज-अमेरिकनांकडे राहिली.

अशा देशाने १९६० साली कुवेत नॅशनल पेट्रोलियम कंपनी काढली. ६० टक्के भांडवल सरकारचे, ४० टक्के खाजगी लोकांचे. तिची शुऐबाची रिफायनरी १९६८ साली सुरू झाली. कुवेतचे विद्यापीठ मुळी १९६६ साली निघालेले! मग घरचे जाणकार कोठून असणार? परदेशी शिकून आलेले थोडे, बाकी सारे बाहेरचे. त्यातही नेहमीच्या धर्तीचा कारखाना न बांधता त्यांनी मुख्य कामे हायड्रोजन वायूवर चालणारी रिफायनरी उभारली. या प्रकारची ती जगातली पहिली.

हे खूळ नव्हते. कुवेतच्या तेलात गंधक फार, सुमारे अडीच टक्के. साध्या रीतीने गाळले की तळाशी डांबरासारखा जड माल उरतो, त्याला भाव नाही. उष्णता व दाब देऊन त्यात हायड्रोजन घातला की गंधक सुटून निघते आणि जड मालाचे डिझेल, रॉकेल होते. हायड्रोजन करायला लागणारा नैसर्गिक वायू तर तिथे विहिरींवर नुसता जाळून टाकीत.

प्रश्न न वाचताच ठोकून उत्तर लिहिणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले. धिटाई त्यांच्याकडेही असते. शुऐबावाल्यांनी मात्र प्रश्न नीट वाचला होता. उत्तर येत नव्हते, ते परदेशी कंपन्यांकडून दाम मोजून घेतले. आमच्या मते त्यांचे खरे धाडस इथे आहे: आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करूनही काम न सोडणे.

पण विकतच्या विद्येचा जाच असतोच. तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. जड तेलातल्या धातूंचे अंश रासायनिक क्रिया घडविणारा मसाला निकामी करतात, तो पुन्हा भरावा लागतो. असे काम पुस्तक वाचून हाती येत नाही. यंत्रापाशी उभे राहून, वर्षे घालवूनच येते. म्हणजे फिरून घाण्याचीच शाळा!

पुढे कारखाना वाढवीत दिवसाला सुमारे २ लाख पिंपांपर्यंत नेला. जवळजवळ पन्नास वर्षे चालून, जुना झाला म्हणून, तो २०१७ साली बंद केला. शेजारच्या मीना अब्दुल्ला व मीना अल-अहमदी येथील रिफायनऱ्या त्यानंतर नव्याने सुधारल्या; तेथेही तेलातले गंधक काढायला हायड्रोजनच वापरतात.