कळपाच्या चालीने

वाचन : उत्पत्ति ३१:३८-४२, ३३:१२-१७, अनुवाद ५:१२-१५, २ राजे ९:१६-२०
पाठांतर : उत्पत्ति ३३:१४
पाठाचा हेतू : उद्योगीपणा व उतावळेपणा यांतील भेद ओळखणे, आणि दुसऱ्याच्या श्रमाची चाल ठरविण्यात आपला वाटा किती आहे हे जाणणे.

प्रस्तावना

आमचे हैदराबाद दोन मोठ्या हमरस्त्यांवर वसले आहे. एक पुण्याहून सोलापूर, उमरगे, हुमनाबाद, जहीराबाद करीत येतो व पुढे मच्छलीपट्टणास जातो. दुसरा नागपूरहून आदिलाबाद, निर्मलवरून येऊन बंगलोरकडे उतरतो. दोन्हींवर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्या हाकणाऱ्यांत सोलापूर, लातूर, नांदेडकडचे मराठी भाऊही असतात. आपल्या मंडळ्यांतील कोणाचा बाप, कोणाचा जावई त्यांत असतो.

आता प्रश्न असा की, जो ड्रायव्हर दोन रात्री डोळा न मिटता माल वेळेआधी पोहोचवितो तो उद्योगी, आणि जो रात्री दोन वाजता गाडी धाब्यावर लावून झोपतो तो आळशी काय? पुष्कळ मालक ‘होय’ म्हणतील. कित्येक ख्रिस्ती लोकही तसेच म्हणतात. पवित्र शास्त्र काय शिकविते ते पाहू.

१. याकोब आळशी नव्हता

लाबानाची मेंढरे त्याने वीस वर्षे राखली. दिवसा ऊन, रात्री गारठा सोसला. डोळ्यांवरची झोप गेली. फाडलेल्या जनावराची भरपाई त्यालाच करावी लागली, आणि मजुरी दहादा बदलली गेली. हा वृत्तांत ड्रायव्हर भावाला वाचून दाखवा. तो म्हणेल, हे तर माझेच झाले. वाटेत माल फुटला किंवा कमी भरला तर कित्येक ठिकाणी त्याच्याच पैशांतून कापून घेतात. हे सारे भोगलेला मनुष्य तेहतिसाव्या अध्यायात प्रवासाच्या चालीविषयी बोलतो, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आहे.

२. याकोबाने चाल कशी ठरविली

एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नम्रपणे नाकारतो. त्याच्या उत्तरात तीन गोष्टी आहेत. पहिली, चाल सर्वांत बलवानाने ठरवावयाची नाही. कोवळी मुले व दुभती जनावरे यांना झेपेल तीच खरी चाल. दुसरी, एकच दिवस फाजील दामटले तर सारा कळप मरेल. वर्षभर जपून हाकणाऱ्याचाही घात एका रात्रीत होतो. तिसरी, एसावाबरोबर चारशे माणसे होती आणि याकोब त्याला स्वामी म्हणत होता, तरी तो ‘हे झेपणार नाही’ असे बोलला. शेठजींना असे सांगावयास धैर्य लागते.

कोणी म्हणेल, ही केवळ सबब होती, कारण याकोब सेईरास न जाता सुक्कोथास गेला. त्याच्या मनात भीती असेल. तरीही मुलांविषयी व कळपाविषयी त्याने सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही. मेंढपाळाच्या अनुभवाचेच ते बोल आहेत.

याउलट येहू पाहा. पहारेकऱ्याने दुरून नुसत्या रथ हाकण्यावरून त्याला ओळखले. आपल्यालाही लोक आपल्या हाकण्यावरून ओळखतात. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतील दहापैकी सुमारे सात मृत्यू अतिवेगाच्या अपघातांत झाले.

३. आज चाल कोण ठरवितो?

सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारणे सोपे आहे. पण त्याचा दिवस कसा जातो? माल भरण्यासाठी गोदामापाशी तासन् तास थांबावे लागते. शहराच्या मध्यभागी दिवसा अवजड गाड्यांना मज्जाव, म्हणून बाहेर पुन्हा थांबणे. मिळकत बहुधा खेपेवर. थांबण्याचे पैसे सहसा कोणी देत नाही. दिवसा गमावलेले तास तो मग रात्री भरून काढतो. चहा, तंबाखू, कधी झोप उडविणाऱ्या गोळ्या, यांच्या बळावर गाडी चालते.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे काम ८ तास, लांब पल्ल्यावर परवानगीने फार तर १० तास, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विसावा ठरविला. परंतु तो पाच वा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्यांनाच लागू होता. एकदोन गाड्यांचे मालक बाहेर राहिले. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. मालाबरोबरच्या ई-वे बिलाची मुदतही १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालासाठी दर २०० कि.मी.ला एक दिवस अशी आहे. म्हणजे घाई त्या कागदाची नाही. ती मालकाची, व्यापाऱ्याची, आणि ‘उद्या सकाळीच माल पाहिजे’ म्हणणाऱ्या आपलीही आहे.

४. विसावा ही आज्ञा आहे

निर्गम २० मध्ये शब्बाथाचे कारण सृष्टीची उत्पत्ति हे दिले आहे. अनुवाद ५ मध्ये मात्र मिसरातील दास्याची आठवण करून दिली आहे. तू दास होतास, परमेश्वराने तुला सोडविले, म्हणून तुझ्या दासालाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असा तेथील भाव आहे. जो स्वतः रविवारी विसावतो आणि आपल्या नोकराला रात्रभर पळवितो, त्याने आज्ञा अर्धीच पाळली. एलीया थकला तेव्हा दूताने आधी त्याला झोपू दिले व खाऊ घातले. लांबच्या प्रवासाची गोष्ट त्यानंतर काढली (१ राजे १९:५-८).

५. सावधगिरी

हा पाठ आळसाला परवाना नव्हे. धाब्यावर पत्ते कुटण्यात चार तास घालवावे, मग ते भरून काढण्यासाठी गाडी दामटावी. किंवा डिझेल परस्पर विकावे, हा अप्रामाणिकपणाच आहे. कलस्सै ३:२३ चाकराला मनापासून काम करण्यास सांगते. परंतु तेथेच न थांबता ४:१ वाचावे, कारण ते वचन धन्यासाठी आहे. माल, गाडी, क्लीनर पोरगा आणि रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य, या सर्वांना सुखरूप ठेवून पोहोचणे हीच ड्रायव्हरची निष्ठा.

मंडळीने काय करावे? ड्रायव्हर भाऊ उपासनेस दिसत नाही म्हणून त्याला थंड विश्वासणारा ठरवू नये. तो बुधवारी घरी आला तर वडीलजनांनी बुधवारी जावे, वचन वाचावे, प्रार्थना करावी. मात्र तो झोपला असेल तर उठवू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात सर्वांची चाल कोण ठरवितो? सर्वांत अशक्त कोण आहे?
२. आपल्या घाईमुळे कोणाची झोप मोडते?
३. धन्याला नम्रपणे ‘नाही’ कसे म्हणावे?

प्रार्थना : हे प्रभु, उत्तम मेंढपाळा, तू आम्हांला आमच्या शक्तीप्रमाणे चालवितोस. रात्री रस्त्यावर असलेल्या आमच्या भावांना सांभाळ, आणि आम्हांला इतरांच्या श्रमाची कदर करावयास शिकव. आमेन.