दिव्याची फिर्याद आणि रिलेची साक्ष

सिल्वासाहून किलवणीकडे येणाऱ्या रस्त्यावरून आज मालमोटारी, टेंपो, प्रवासी गाड्या यांची अखंड ये-जा चालू असते. यांपैकी कोणत्याही नव्या वाहनाच्या चालकासमोरील फळीकडे पाहिले तर तेथे इंजिनाच्या आकाराचा एक पिवळसर दिवा असल्याचे दिसून येते. किल्ली फिरवताच तो क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो विझला नाही, अथवा चालत्या गाडीत अकस्मात लागला, तर वाहनाच्या धूरशुद्धीच्या यंत्रणेत काहीतरी बिघडले आहे असे समजावयाचे. हा दिवा बिघाड आहे एवढेच सांगतो. बिघाड नेमका कोठे आहे हे शोधून काढणे हे मनुष्याचे काम आहे. तो शोध कसा घ्यावा, हे रिले नावाच्या एका लहानशा विद्युत्-उपकरणाच्या उदाहरणाने पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे. दहावीच्या विज्ञानात आपण जे चुंबकत्व आणि ओहमचा नियम शिकतो, त्यापलीकडचे ज्ञान यासाठी फारसे लागत नाही.

प्रथम ही यंत्रणा वाहनात आली कशी ते पाहू. वाहनाच्या धुरात किती दूषित वायू असावेत याची मर्यादा आपल्या देशात कायद्याने ठरवून दिली आहे आणि ती वेळोवेळी कडक होत गेली आहे. भारत स्टेज चार हे मानक १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशभर लागू झाले. त्यानंतर पाचवी पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावे मानक अमलात आले. डिझेलवर चालणाऱ्या मोटारकारच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा चौथ्या मानकात किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती; सहाव्यात ती ०.०८ ग्रॅमवर आली. म्हणजे जेथे तीन भाग सोडण्यास मुभा होती, तेथे आता एकच भाग चालतो. नवी वाहने या मर्यादेत बसतात की नाही याची परीक्षा घेणाऱ्या संस्थांमध्ये १९६६ साली पुण्यास स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख होय.

एवढी घट केवळ इंजिन सुधारून होण्यासारखी नव्हती. म्हणून पुष्कळशा डिझेल वाहनांत इंजिनातून बाहेर पडलेल्या धुरावर रासायनिक प्रक्रिया केली जाते. युरियाचे ३२.५ टक्के द्रावण एका वेगळ्या टाकीत भरलेले असते. पंप ते द्रावण तप्त धुराच्या नळीत फवारतो. उष्णतेने युरियापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हा अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावून निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्याची वाफ निर्माण करतो. आपल्या भातशेतीत पडणारे खत आणि हे द्रावण यांचे मूळ द्रव्य एकच. परंतु द्रावणातील युरिया व पाणी ही दोन्ही अतिशय शुद्ध असावी लागतात. खताच्या गोणीतील युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतला तर फवाऱ्याची व उत्प्रेरकाची हानी होते, हे सर्वांनीच ध्यानात ठेवावे.

प्रक्रिया बरोबर चालली आहे की नाही हे पाहण्यासाठी उत्प्रेरकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन संवेदक बहुधा धुराच्या मार्गात बसवतात. पहिला नायट्रोजनची ऑक्साइडे किती आली हे सांगतो, दुसरा किती शिल्लक राहिली हे सांगतो. गाडीतील संगणक दोघांचे म्हणणे ऐकून द्रावण कमीअधिक करतो. संवेदक, पंप आणि फवारा या सर्वांना वीज लागते, आणि त्या विजेच्या वाटेवर आपला रिले द्वारपालासारखा उभा असतो.

रिले या शब्दाचा मूळ अर्थ टप्प्यावर सज्ज ठेवलेले ताजे घोडे असा आहे. डाकेच्या चौकीवर थकलेला घोडा सोडून ताजा घोडा जोडावा, त्याप्रमाणे तारायंत्रातील क्षीण झालेला प्रवाह दुसऱ्या जोमदार प्रवाहास जागा करून देई, म्हणून या उपकरणास ते नाव पडले. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास या तत्त्वाचा उपयोग करून दाखविला होता. तत्त्व सोपे आहे. लोखंडी गाभ्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून प्रवाह गेला की गाभा चुंबक बनतो व समोरची लोखंडी पट्टी खेचून घेतो. पट्टी खेचली जाताच दोन धातूची टोके एकमेकांस भिडतात आणि दुसऱ्या, मोठ्या प्रवाहाचा मार्ग खुला होतो. प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीस परत ओढते आणि मार्ग तुटतो.

मोटारीतील साध्या रिलेला चार पाय असतात व त्यांवर क्रमांक छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके होत. ३० या पायास बॅटरीकडून वीज येते आणि ८७ या पायातून ती पुढे उपकरणांकडे जाते. वेटोळ्याचा रोध ८० ओहम व बॅटरी १२ व्होल्टची धरली, तर ओहमच्या नियमाप्रमाणे १२ भागिले ८०, म्हणजे ०.१५ अँपिअर प्रवाह वेटोळ्यातून जातो. एवढ्याशा प्रवाहाने ३० अँपिअरपर्यंतचा प्रवाह चालू वा बंद करता येतो. दोनशेपट मोठ्या प्रवाहावर हुकूमत चालविणारे हे उपकरण काड्याच्या पेटीएवढेही नसते.

आता एक उदाहरण घेऊ. असे समजू की एका १२ व्होल्टच्या डिझेल टेंपोचा पिवळा दिवा लागला आहे. गॅरेजमधील मिस्त्रीने स्कॅनर जोडला तेव्हा संगणकाने तीन तक्रारी नोंदविलेल्या आढळल्या. पहिला संवेदक बोलत नाही. दुसरा संवेदक बोलत नाही. द्रावणाचा पंप चालत नाही. घाईचा मिस्त्री म्हणेल की तिन्ही वस्तू बदला. या वस्तू महाग असतात, एकेका संवेदकास हजारो रुपये पडतात. टेंपोवर ज्याचे घर चालते, त्याच्या दृष्टीने हा खर्च कित्येक महिन्यांच्या बचतीचा प्रश्न असतो.

विचारी मिस्त्री मात्र वेगळा प्रश्न करील. तीन निरनिराळ्या वस्तू एकाच दिवशी कशा बिघडतील? गावातील एका घराचा दिवा गेला तर दोष त्या घरात असेल. सगळी आळी अंधारात बुडाली तर आपण खांबाकडे पाहतो. तद्वत येथेही तिघांना समान असे काय आहे ते शोधावयाचे. दोन संवेदक संगणकाशी ज्या तारांतून बोलतात त्या समान असू शकतात. पण पंप त्या तारांवर नाही. तिघांनाही समान असलेली गोष्ट म्हणजे वीजपुरवठा. सर्वच वाहनांची जोडणी एकसारखी नसते, म्हणून त्या वाहनाच्या तारांचा नकाशा पाहूनच ही खात्री करून घ्यावी लागते. नकाशात तिघांच्या मुळाशी एकच फ्यूज आणि एकच रिले दिसला, की तपासाची दिशा ठरली.

तपास क्रमानेच करावा. आधी तक्रारींचे सर्व क्रमांक कागदावर उतरून घ्यावेत. ते पुसण्याची घाई करू नये, कारण पुसलेली नोंद म्हणजे गमावलेला पुरावा होय. मग फ्यूज पाहावा. फ्यूज चांगला असेल तर रिले उपटून त्याच्या रिकाम्या खोबणींची परीक्षा घ्यावी. ३० क्रमांकाच्या खोबणीत बॅटरीची वीज आहे काय, हे चाचणीच्या दिव्याने पाहावे. नंतर किल्ली फिरवून, आणि जरूर पडल्यास इंजिन सुरू करून, ८५ व ८६ या खोबणींमध्ये मल्टिमीटर लावावा. तेथे १२ व्होल्टच्या आसपास दाब दिसला तर संगणकाचा हुकूम रिलेपर्यंत पोहोचत आहे असे सिद्ध होते. दोन्ही गोष्टी ठीक असतील तर संशय रिलेवर येतो.

मग बाहेर काढलेल्या रिलेची चौकशी करावी. वेटोळ्याचा रोध मोजावा. तो अपेक्षेइतका आला तर तार शाबूत आहे. मल्टिमीटर अनंत रोध दाखवीत असेल तर तार तुटली आहे. अगदीच कमी रोध आला तर वेटोळ्याचे पदर एकमेकांस चिकटले आहेत. वेटोळ्यास १२ व्होल्ट दिल्यावर ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. येथेच पुष्कळांची फसगत होते. आवाज आला म्हणजे रिले चांगला, असे ते ठरवितात. परंतु तो आवाज पट्टी हलल्याचा आहे, वीज पुढे गेल्याचा नव्हे.

रिलेची टोके जोडताना व तोडताना प्रत्येक वेळी बारीकशी ठिणगी पडते. वर्षानुवर्षे हे होऊन टोके काळवंडतात आणि त्यांचा रोध वाढतो. समजा, तो ०.२५ ओहम झाला. केवळ मल्टिमीटर लावून पाहिले तर पलीकडे पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. पण उपकरणे चालू होऊन ८ अँपिअर प्रवाह वाहू लागला की ८ गुणिले ०.२५, म्हणजे २ व्होल्ट रिलेच्या टोकांतच खर्ची पडतात आणि उपकरणांच्या वाट्यास १० च उरतात. शिवाय १६ वॅट उष्णता त्या चिमुकल्या डबीत कोंडते व टोके अधिकच जळतात. म्हणून खरी परीक्षा भार चालू ठेवून करावयाची. रिले जागेवर असताना ३० व ८७ यांमधील दाब मोजावा. तो व्होल्टच्या एक-दोन दशांशांहून कमी असावा. अधिक असेल तर दोष सापडला. तोच क्रमांक, तेच व्होल्ट आणि पायांची तीच रचना असलेला दुसरा रिले गाडीत असेल, तर त्याची अदलाबदल करूनही खात्री करता येते. असा रिले काही शे रुपयांत मिळतो.

रिलेही निर्दोष ठरला तर खोबणी व तारा पाहाव्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाची झोड असते. ओल शिरून पितळी खोबणींवर हिरवा कळंक चढतो. जोराच्या पाण्याने इंजिन धुतल्यानेही तेच होते. आणि उभ्या गाडीत शिरलेला उंदीर तारा कुरतडून ठेवतो. दुरुस्तीनंतर नोंदी पुसाव्यात, गाडी काही अंतर चालवावी आणि तक्रार पुन्हा उद्भवत नाही हे पाहावे. विद्यार्थ्यांनी हे प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावेत. धुराची नळी अत्यंत तापलेली असते, आणि १२ व्होल्टचा धक्का बसत नसला तरी बॅटरीच्या टोकांत धातूची वस्तू अडकली तर ती लालबुंद होते.

दिवा जाण्याचा आणखी एक मार्ग काहीजण सुचवितात. दिव्याची तारच तोडावी, अथवा संगणकास खोटी माहिती देणारे यंत्र बसवावे, म्हणजे कटकट मिटली! हा मार्ग बेकायदेशीर तर आहेच, पण त्यात याहून गंभीर गोष्ट दडलेली आहे. प्रदूषण नियंत्रणाच्या प्रमाणपत्रासाठी डिझेल वाहनाची जी नेहमीची तपासणी होते, तीत धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. हे वायू डोळ्यांस दिसत नाहीत. युरियाची यंत्रणा बंद पडलेली गाडीही त्या तपासणीतून सुटू शकते. म्हणजे या अदृश्य विषासंबंधी बोलणारा साक्षीदार गाडीत एकच, तो पिवळा दिवा. आणि त्याचेच तोंड बांधावयाचे! हेच वायू श्वासमार्गास अपाय करतात व उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. किलवणी नाक्यावर शाळेच्या गाडीची वाट पाहणारी मुले तीच हवा श्वासावाटे घेत असतात.

तेव्हा दिवा ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. फिर्याद दडपणे हा अन्याय. आणि चौकशी न करता समोर दिसेल त्या संवेदकास दोषी ठरवून बदलणे हाही अन्यायच. पहिल्यात गावाची हवा बिघडते, दुसऱ्यात गरिबाची कमाई जाते. दोन्ही टाळण्यास एक मल्टिमीटर, तारांचा नकाशा आणि क्रमाने विचार करण्याची सवय एवढे पुरेसे आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जातील, गॅरेजमध्ये किंवा कारखान्यात काम करतील. त्यांनी हातात पाना घेण्यापूर्वी मनात प्रश्न घ्यावा, आणि मोजल्यावाचून कोणत्याही वस्तूस दोष देऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.