जास्तीच्या दिवसाचं पाणी

सह्याद्रीत वीस-पंचवीस वर्षं भटकलेल्या माणसाला पाण्याबद्दल एक फाजील विश्वास असतो. गडावर टाकं असणार. ते आटलं असेल तर खालच्या वाडीत विहीर असणार, आणि विहिरीवरची एखादी मावशी "कुठनं आलात?" म्हणत कळशी तिरपी करणारच. हा विश्वास सॅकमध्ये भरून मी कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ बेटावर गेलो. सोबत पुण्याहून आलेला मेहुणा. तोही असाच, राजमाची-हरिश्चंद्रगडावर वाढलेला.

हे बेट चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानात येतं. व्हेंचुराहून बोटीत बसायचं, प्रिझनर्स हार्बरच्या धक्क्यावर उतरायचं आणि साडेतीन मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर चढून डेल नॉर्ते गाठायचं. तिथे ओकच्या झाडांखाली मुक्कामाच्या मोजून चार जागा, बसायला बाकडी, एक संडास आणि खाणं ठेवायला पेट्या. नळ नाही, दुकान नाही. १८३० साली मेक्सिकोहून आणलेले कैदी किनाऱ्यावर कुणी उतरवून घेईना, तेव्हा त्यांतले तीसेक जण या बेटावर आणून सोडले. पुढे त्यांनी तराफे बांधून किनारा गाठला म्हणतात. बंदराचं नाव त्यावरून पडलं. जाताना बोटीत हा किस्सा मी मेहुण्याला अगदी रंगवून सांगितला होता.

आता मुद्द्याचं. तिथला हिशोब माणशी दिवसाला एक गॅलन पाण्याचा, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर. आम्ही शुक्रवारी दुपारी उतरणार, रविवारी दुपारी परतणार. दोघांना तीन दिवसांचं बावीस-तेवीस लिटर हवं होतं. आम्ही नेलं बारा. का, तर पाणी जड असतं आणि चढ मलाच चढायचा होता. वर "एखादा ओढा मिळेलच" हे होतंच. नकाशावर निळी रेघ होती ना! ऑक्टोबरात त्या रेघेवर कोरडे गोटे होते.

त्यात बरोबर काय नेलं, तर खिचडीचं सामान आणि पिठल्याचं बेसन. शिजवायला पाणी, भांडं विसळायला पाणी. पहिल्याच रात्री तीन लिटर संपलं. आपल्या आज्या लांबच्या प्रवासाला दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या द्यायच्या, त्यामागचं शहाणपण मला त्या बेटावर कळलं. आता मी दशम्या, गूळपोळ्या, संत्री आणि भाजलेले शेंगदाणे नेतो. लोणचं नाही आणि खारवलेलं काहीही नाही. शेकोटीला बंदीच आहे, तेव्हा चुलीची स्वप्नं घरी ठेवावीत. स्टोव्ह चालतो, पण त्याचा गॅस बोटीवर चढताना वेगळा द्यावा लागतो.

शनिवारी सकाळी फिरून आलो तर सॅकच्या वरच्या कप्प्याची चेन उघडी आणि राजगिऱ्याच्या वड्या गायब. रेव्हन नावाचा पक्षी, आपल्या डोमकावळ्याचा थोरला भाऊ, चेन ओढून उघडतो. पिंडाला कावळा शिवेना म्हणून तास तास ताटकळणारी आमची जात, आणि इथे हा न बोलावता! शिवाय मांजराहून लहान असा बेटावरचा कोल्हा दिवसाढवळ्या तंबूभोवती घोटाळत होता. साधारण २००० सालच्या सुमारास या बेटावर त्यांची संख्या शंभराच्याही खाली गेली होती. ती पुन्हा वाढवायला लोकांनी फार कष्ट घेतले, म्हणून त्याला एक शेंगदाणाही टाकू नये. खाणं, कचरा, अगदी टूथपेस्टसुद्धा पेटीत. नुसती तंबूची चेन लावून भागत नाही. उंदीरही आहेत आणि त्यांच्यातून हंता विषाणूचा धोका असतो, तेव्हा उघड्यावर पथारी टाकायची हौस टाळावी.

हे सगळं निभावलं असतं. शनिवारी रात्री वारा फिरला. शरदात इथे सांता आना नावाचे वारे सुटतात. वाळवंटाकडून समुद्राकडे, कोरडे आणि गरम. प्रिझनर्स हार्बर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे, त्यामुळे ईशान्येचा वारा थेट धक्क्यावर आदळतो. म्हणजे जो वारा बोट अडवतो, तोच घसाही सुकवतो. रविवारी दुपारी आम्ही धक्क्यावर उतरलो तेव्हा दोघांत मिळून अर्धा लिटर उरलं होतं. बोट आली नाही. आमच्यासारख्याच ताटकळलेल्या एका वयस्क जोडप्याकडे उपग्रहावरून निरोप घेणारं यंत्र होतं, त्यावर कळलं की आता उद्या. माझा फोन नुसताच खिशात होता.

संध्याकाळी त्या हवेत पलीकडचा किनारा इतका लख्ख दिसत होता की गावांतले दिवे मोजता आले असते. तिथे नळ होते. मी मान खाली घालून त्या आजोबांकडे पाणी मागितलं. त्यांनी पाच लिटरचा एक कॅन दाखवला, झाकणावर निळी पट्टी चिकटवलेली. "हा कधीच उघडायचा नसतो," ते म्हणाले, आणि उघडला. आम्हाला तीन लिटर मिळालं. त्या रात्री मी बराच वेळ काही बोललो नाही. मेहुणाही नाही, आणि तो एरवी फार बोलतो.

तुम्ही जाणार असाल तर आधी बोटीची तिकिटं काढा, मग मुक्कामाची जागा. दोन्ही आरक्षणं वेगळी असतात, आणि जागा मिळूनही बोट नसेल तर काय उपयोग! पाणी दिवसांच्या हिशोबाने घ्या आणि त्यावर एक पूर्ण दिवस जास्त धरा. म्हणजे दोन रात्रींना माणशी पंधरा लिटर, पाठीवर पंधरा किलो. जमणार नसेल तर डेल नॉर्ते सोडा आणि त्याच बेटावरच्या स्कॉर्पियनला जा. तिथे नळाचं पाणी आहे, चालही थोडी आहे. पहिल्या खेपेला तेच बरं. निघण्याआधी बूट आणि तंबू झाडून घ्या, आपल्याबरोबर परकं बी बेटावर जायला नको. सोमवारची रजा आधीच टाका. आणि घरी सांगून ठेवा की रविवारी फोन आला नाही तर घाबरायचं नाही, सोमवारी रात्रीपर्यंत वाट पाहायची. मी हे सांगितलं नव्हतं. सोमवारी दुपारी बोटीतून उतरल्यावर बायकोचे एकोणीस फोन दिसले, आणि विसाव्याला मी काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर तीनदा जाऊन आलो. निळ्या पट्टीचा कॅन माझ्याकडेही आहे. तिन्ही वेळा तो न उघडता परत आला. बायको ते पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालते.