फुरसुंगीच्या मुलाचा प्रवास

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर हे गाव वसले आहे. रुक्मिणीचे माहेर ते हेच, अशी वऱ्हाडातील लोकांची श्रद्धा आहे. शिशुपालाशी ठरलेला विवाह तिला मान्य नव्हता. तिने श्रीकृष्णाला पत्र धाडले, आणि विवाहाची सिद्धता चालू असतानाच श्रीकृष्णाने तिला रथात बसवून नेले. गुप्त निरोप, रथाची दौड, पाठलाग, युद्ध. या कथेत काय नाही? भागवत पुराणातील ही कथा तेराव्या शतकात नरेंद्र कवीने मराठीत आणली. सोळाव्या शतकात एकनाथांनी ती ओवीबद्ध केली. पुढे कीर्तनकारांनी ती श्रोत्यांपुढे उभी केली, चित्रकारांनी रंगविली, आणि चित्रपटाची कला आली तेव्हा तिनेही या कथेला आपलेसे केले.

अलीकडच्या काळात असाच घरोघर फिरलेला एक मराठी वीर आहे. तो राजा नव्हे की योद्धा नव्हे. तो आहे पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा एक काटकुळा शाळकरी मुलगा. त्याचे नाव बनेश फेणे. त्याच्या चपळाईमुळे ‘फास्टर फेणे’ हेच नाव सर्वतोमुखी झाले. त्याचे जनक भा. रा. भागवत. (पुराणाचे नाव आणि लेखकाचे आडनाव एकच असावे, हा केवळ योगायोग!)

भागवतांचा जन्म १९१० सालचा. मुलांसाठी लिहिणे हे दुय्यम काम आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. जूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, शेरलॉक होम्सच्या चातुर्यकथाही मराठी मुलांच्या हाती दिल्या. परंतु उसन्या वीरांवर त्यांचे समाधान झाले नाही. आपल्या मुलांना आपल्याच मातीतला, त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच शाळांतून शिकणारा एखादा धाडसी सोबती हवा, ही उणीव बनेशने भरून काढली. त्याच्या पराक्रमांची पुस्तके एकामागून एक निघत गेली आणि त्यांची संख्या विसाच्या घरात पोचली. कधी तो प्रतापगडावर, कधी काश्मिरात, तर कधी चक्रीवादळात सापडलेला. राम वाईरकरांच्या चित्रांनी त्याला चेहरा दिला.

अकोल्याहून फुरसुंगी पाचशे किलोमीटरांच्या आसपास दूर. बनेशची बोली पुण्याकडची. वऱ्हाडातल्या मुलांसारखे तो बोलत नाही. तरीही तो परका वाटत नाही, याचे कारण शोधण्याजोगे आहे. बनेशजवळ पैसा नाही, शस्त्र नाही, अंगात अफाट बळ नाही. सायकल, तीक्ष्ण नजर, अन्यायाची चीड आणि जिभेने टाळ्यावर काढलेला ‘ट्टॉक’ असा आवाज, एवढेच त्याचे भांडवल. अमरावतीच्या मुलाजवळही याहून कमी काही नसते!

१९८० च्या दशकात हा मुलगा पुस्तकातून निघून दूरदर्शनच्या पडद्यावर आला. बालवयातील सुमीत राघवन यांनी त्याची भूमिका केली. त्या काळी घरोघरी दूरदर्शन संच नव्हते. शेजारच्या घरी दाटीवाटीने बसून मुले कार्यक्रम पाहत. पुस्तक एका वेळी एकच मूल वाचते, येथे मात्र दहा-पंधरा जणांना एकदम धडकी भरे आणि एकदमच हसू फुटे. हा लाभ खरा. पण त्याबरोबर काही गमावलेही. कागदावरचा ‘ट्टॉक’ ही नुसती अक्षरे होती. तो आवाज कसा काढावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. जितके वाचक तितके ‘ट्टॉक’. पडद्यावर तो एकदा ऐकला की तोच कायमचा ठरून जातो. बनेशच्या चेहऱ्याचेही तसेच.

माध्यम बदलले की खर्चाचाही हिशेब बदलतो. ‘बनेशने सायकलवर टांग मारली आणि तो चोराच्या मागे लागला’ हे वाक्य लिहायला लेखकाला शाईचे चार थेंब पुरतात. तेच चित्रित करायचे तर रस्ता अडवावा लागतो, कॅमेरा गाडीवर चढवावा लागतो, आणि नट पडला तर सारे पुन्हा करावे लागते. म्हणून कित्येक कथा पुस्तकातच राहतात.

इतर देशांतही कथांनी असाच प्रवास केला आहे. एडगर राइस बरोज यांची टारझनची कथा १९१२ साली प्रसिद्ध झाली, १९१८ मध्ये तिचा चित्रपट निघाला आणि १९२९ पासून वृत्तपत्रांत तिची चित्रमालिका येऊ लागली. इंडियाना जोन्सचे उलट झाले. तो १९८१ साली आधी चित्रपटात जन्मला आणि मग पुस्तके, चित्रकथा, दूरदर्शन मालिका व संगणकावरील खेळ यांत शिरला. बंगालमध्ये सत्यजित राय यांनी फेलूदा हा गुप्तहेर १९६५ साली ‘संदेश’ मासिकातून वाचकांपुढे आणला आणि १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट स्वतःच काढला. लेखणी आणि कॅमेरा एकाच हाती असण्याचे हे भाग्य विरळा.

भागवतांना ते लाभले नाही. २००१ साली त्यांचे निधन झाले आणि ‘फास्टर फेणे’ हा मराठी चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते आदित्य सरपोतदार. अमेय वाघ यांनी रंगविलेला बनेश आता शाळकरी राहिला नव्हता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तो तरुण होता. एका परीक्षार्थ्याचा मृत्यू होतो, सारे त्यास आत्महत्या म्हणतात, बनेशला मात्र ते पटत नाही. शोध घेता घेता परीक्षेतील मोठा गैरव्यवहार उघडकीस येतो. गुणी मुलांच्या कष्टांवर पैशाने डल्ला मारला जातो, ही चीड चित्रपटाने नेमकी पकडली. जुन्या पुस्तकांच्या वाचकांचे वय वाढले होते, तसे बनेशचेही वाढविले गेले. परंतु बारा वर्षांच्या मुलाला आपल्या बरोबरीचा सवंगडी त्या पडद्यावर भेटला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तो भेटण्यासाठी त्याला पुस्तकाकडेच जावे लागते.

चित्रपटाने एक गोष्ट मात्र मोठ्या आपुलकीने केली. पुण्यात आलेला बनेश ज्या वृद्ध गृहस्थांच्या घरी उतरतो, ते स्वतः भा. रा. भागवत आहेत. दिलीप प्रभावळकर यांनी ती भूमिका केली. आजवर मुखपृष्ठावर नावापुरतेच दिसणारे लेखक अशा रीतीने आपल्याच नायकाच्या गोष्टीत एक पात्र होऊन आले, आणि ज्याला त्यांनी जन्म दिला त्याला त्यांनीच आपल्या घरात आसरा दिला.