बंदुकीची दारू : किल्ल्यावरची आणि घरातली



गेल्या वर्षी बी. ए. भाग दोनच्या वर्गात मी चाकणचा वेढा शिकवीत होतो. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेने संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला. अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली दारू ठासली, बत्ती दिली आणि बुरूज उडाला. तास संपल्यावर एक विद्यार्थी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, शिवजयंतीले आम्ही लहानशी तोफ उडवणार आहो. दारू घरीच करून रायलो. तुम्ही एकदा पाहून घ्या ना."

माझ्या अंगावर काटा आला. मी इतिहासाचा शिक्षक. पण या विषयाचा एक धडा मी पुस्तकाबाहेर शिकलो आहे. तो आज सांगतो.

१९८३ सालची गोष्ट. पुसद तालुक्यातल्या आमच्या खेड्यात विहिरी खोदण्याचे काम जोरात होते. आपल्याकडचा काळा पाषाण टिकावाला दाद देत नाही. म्हणून सुरुंग लावीत. माझ्या मावसभावाला कुठून तरी सुरुंगाची चिमूटभर उरलेली दारू मिळाली. दिवाळी जवळ आली होती. त्याने न उडालेले फटाके फोडून त्यांतली पूड तीत मिसळली आणि गोळे मोडण्यासाठी लोखंडी खलबत्ता घेतला. "जवळ विस्तव नाही, मग भीती कशाची?" असे त्याने मलाच सांगितले. मी पाणी प्यायला घरात गेलो आणि म्हणून वाचलो. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे व एक डोळा गेला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

त्याचे चुकले कुठे? बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्यांतील सोऱ्याचे काम थोड्यांना ठाऊक असते. लाकूड जळते ते हवेतल्या प्राणवायूवर. हवा कोंडली की विझते. दारूला बाहेरची हवा लागत नाही, कारण सोरा स्वतःच प्राणवायू पुरवितो. म्हणून पेटलेली दारू पोते टाकून विझत नाही. तिला पेटायला दिव्याची ज्योतही लागत नाही. लोखंडावर लोखंड आपटून उडालेली ठिणगी किंवा कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यातून सुटलेली विजेची ठिणगीही पुरेशी होते. मोकळ्यावर ती भप्पकन जळून हातातोंडाची कातडी नेते. कोंडली तर वायूला वाट मिळत नाही आणि ज्यात ती कोंडली त्याचेच तुकडे गोळ्यांसारखे उडतात. घरगुती तोफेचा पाइप नेमका असाच फुटतो.

फटाक्यांतल्या पुडीची गोष्ट तर आणखी वाईट. तिच्यात काय आहे हे वेष्टनावरून कळत नाही. आपल्याकडे ज्याला नुसते 'पोटॅश' म्हणतात ते क्लोरेट असेल, तर गंधकाशी त्याची गाठ पडताच नुसत्या घासण्यानेही ते उडते. खलबत्त्यात घडले ते बहुधा हेच.

कोणी म्हणेल, पूर्वजांनी नाही का दारू केली? केली, पण भीत भीत केली. दारूकोठार राहत्या वस्तीपासून दूर ठेवीत. तरीही १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या उखळी तोफांच्या माऱ्यात रायगडावरचे दारूकोठार पेटले आणि राजधानीची राखरांगोळी झाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेत ब्रँडीवाइन नदीकाठच्या द्यू पाँ यांच्या दारूच्या कारखान्यात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मेली. या कारखान्याच्या इमारतींना तीन बाजूंनी जाड दगडी भिंती होत्या आणि नदीकडची बाजू मुद्दाम हलकी ठेवलेली होती. स्फोट होणारच, तो निदान पाण्याकडे जावा, हा हिशेब! ज्यांचा तो पिढीजात धंदा, त्यांनी हे गृहीत धरले. आणि आपण स्वयंपाकघरात, आईच्या खलबत्त्यात तेच करू पाहतो.

हा जुना इतिहास आहे असेही समजू नका. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या विनापरवाना तयार करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि पोटासाठी तिथे राबणाऱ्या अनेक बायांचा जीव गेला. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात घरगुती 'कार्बाइड गन'मुळे शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत बहुतेक मुलेच होती.

कायदाही स्पष्ट आहे. १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ चे नियम यांनुसार परवान्याशिवाय दारू तयार करणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. आणि १९०८ चा स्फोटक पदार्थ अधिनियम तर याहून कठोर आहे. 'गंमत होती' ही सबब न्यायालयात चालत नाही.

कुणाच्या घरी अशी पूड असलीच तर ती हलवू नका, कुटू नका, चुलीत टाकू नका. सर्वांना दूर करा आणि ११२ क्रमांकावर कळवा. भाजल्यास जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. डोळ्यात काही रुतले असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, रुतलेले उपसू नका; तडक दवाखाना गाठा.

त्या विद्यार्थ्याला मी रागावलो नाही. त्याच संध्याकाळी त्याला माझ्या मावसभावाच्या किराणा दुकानात नेले. भावाने डाव्या हाताने आम्हाला चहा दिला, उजव्या हाताच्या दोन बोटांत चिल्लर धरून मोजली आणि मुलाला एवढेच विचारले, "तुह्या आईले माहीत आहे का रे हे?" मुलगा खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून पोलीस ठाण्यात कळविले. पूड जाणत्या माणसांनी नेली.

या वर्षी शिवजयंतीला त्या मुलांनी लाकडी तोफ केली आणि तिच्यामागे ढोल वाजविला. आवाज पुष्कळ झाला. सारे दहाही बोटांनिशी घरी गेले.