कपाळावरची खूण

सिम्हा तोरा झाला की सेफेर तोरा पुन्हा पहिल्यापासून उघडतो, आणि बेरेशिथच्या पहिल्याच पाराशात काइन व हाबेल यांची गोष्ट येते. लहानपणी ती आम्हांला आजीने सांगितली ती अशी: काइनाने सख्खा भाऊ मारला म्हणून परमेश्वराने त्याच्या कपाळावर डाग दिला, आणि तेव्हापासून तो तोंड लपवीत फिरतो. घरात नारळाची वडी नाहीशी झाली की आजी आम्हां भावंडांना ओळीत उभे करी आणि म्हणे, "बघू रे, कोणाच्या कपाळावर उमटलंय ते!" ज्याचा हात आधी कपाळाकडे जाई तो चोर. आजीचा हा उपाय पुष्कळदा बरोबर ठरे. पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे, हे मला फार उशिरा कळले. ते पुढे येईलच.

वाचकहो, आता मूळ वचने काढून पाहा. अध्याय ४ मध्ये 'कपाळ' हा शब्दच नाही. परमेश्वराने काइनाला एक खूण नेमून दिली, एवढेच आहे. ती कशासाठी? जो कोणी त्याला भेटेल त्याने त्याला ठार मारू नये, यासाठी. म्हणजे आपण जिला शरमेचा डाग समजतो ती खरी संरक्षणाची खूण आहे. तिथे शब्द आहे 'ओथ'. पुढे नोहाच्या इंद्रधनुष्याला हाच शब्द आहे आणि शब्बाथालाही हाच आहे. ती कपाळावर होती असे पुढच्या भाष्यकारांनी म्हटले. राशी म्हणतो, परमेश्वराने आपल्या नावातील एक अक्षर तिथे कोरले. मिद्राशात तर एका रब्बीचे असेही मत आहे की काइन स्वतःच पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी खूण ठरला.

आणखी एक शब्द बघण्यासारखा आहे. काइन म्हणतो की माझे 'आवोन' मला पेलवत नाही. 'आवोन' म्हणजे पाप आणि 'आवोन' म्हणजे त्या पापाची शिक्षा. इब्रीत दोहोंना एकच शब्द चालतो. म्हणून काही भाषांतरांत काइन शिक्षेबद्दल कुरकुर करतो, तर काहींत अपराधाच्या ओझ्याने वाकतो. मला विचाराल तर दोन्ही खरे आहे. ज्याने गुन्हा केला आहे त्याला ही दोन ओझी वेगळी करता येत नाहीत.

हा पाराशा मी गेली अनेक वर्षे सिंगापुरात ऐकते. इथल्या वॉटर्लू स्ट्रीटवर मागेन आवोथ ही मशीद आहे (नव्या पिढीसाठी सांगते, आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत). बगदादी यहुद्यांनी ती १८७८ साली बांधली. तिथून ब्रास बसा रस्ता अगदी जवळ. मशीद उभी राहण्याच्या पाचच वर्षे आधीपर्यंत त्या रस्त्यालगत एक मोठा तुरुंग भरलेला होता, आणि त्यातले बहुतेक कैदी हिंदुस्थानातले होते.

आपण 'काळे पाणी' म्हटले की अंदमान आठवतो. पण अंदमानच्या कितीतरी आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदी इकडे येत. बेंकूलेन इंग्रजांच्या हातून डचांकडे गेले, तेव्हा तिथले कैदी हलवावे लागले. त्यांची पहिली तुकडी एप्रिल १८२५ मध्ये सिंगापूरला उतरली. तेव्हापासून १८७३ पर्यंत असे कैदी इथे होते. दलदल भरणे, जंगल तोडणे, रस्ते काढणे, सारे यांच्याकडे. तुरुंगाची शिस्तही चमत्कारिक होती. कैद्यांचे सहा वर्ग असत. नवा आला की पायात बेडी. वागणूक चांगली असली तर बेडी निघे. पुढे त्यांतलाच एखादा इतरांवर मुकादम होई, आणि शेवटी परवाना घेऊन बाहेर राहून रोजगार करी. पहारेकरी कैद्यांतूनच नेमत. मॅकनेअर नावाच्या अधिकाऱ्याने १८९९ साली या साऱ्यावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'कैदीच आपले पहारेकरी' अशा अर्थाचे आहे.

आता खुणेकडे येते. बंगाल इलाख्यात १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवीत. आपल्या आयाबाया हौसेने गोंदवून घेत तशाच सुईने, पण जबरदस्तीने आणि ठळक अक्षरांत. ही चाल १८४९ साली कायद्याने बंद झाली, पण कायदा बंद झाला म्हणून कातडी काही कोरी होत नाही. ही माणसे पागोटे भुवयांपर्यंत ओढून बांधीत. चांगल्या वागणुकीने बेडी सुटे, वर्ग चढे, पण कपाळ तेच राही.

याचा परिणाम काय होतो, ते १८५३ साली दिसले. सेंट अँड्र्यूज हे इंग्रजांचे जुने देऊळ. त्याच्या मनोऱ्यावर १८४५ आणि १८४९ अशी दोनदा वीज पडली, आणि इमारत धोक्याची म्हणून १८५२ मध्ये बंद केली. गोरे लोक दुसरीकडे प्रार्थनेला जमू लागले. झाले! गावात अफवा उठली की देवळात भुते शिरली आहेत, त्यांना शांत करायला गव्हर्नराला माणसांची मुंडकी हवी आहेत, आणि ती आणण्यासाठी त्याने रात्री कैद्यांना मोकळे सोडले आहे. अंधार पडल्यावर लोक घराबाहेर पडेनात. सरकारला जाहीरनामा काढावा लागला, आणि चिनी व्यापाऱ्यांतल्या वजनदार माणसांनी आपल्या लोकांना समजावले, तेव्हा कुठे भीती ओसरली.

हे वाचताना मला रेवदंड्याकडची माझी आजी आठवली. खाडीवर पूल होणार म्हटले की ती आम्हांला संध्याकाळी दाराबाहेर जाऊ देत नसे. पुलाचा खांब उभा राहत नाही, त्याला पोर द्यावे लागते, आणि पोरे पळवायला अमुक अमुक माणसे फिरतात! त्या 'अमुक अमुक' माणसांकडे मी तेव्हा नीट पाहिले नव्हते. ती नेहमी परगावची, पालावर राहणारी, किंवा कधीतरी पोलिसांनी नेलेली असत. भुताची भीती कोणाच्या तरी डोक्यावर ठेवावी लागते, आणि ज्याच्यावर आधीच डाग आहे त्याचे डोके सोयीचे पडते. १८५३ साली एकाही कैद्याने कोणाचे मुंडके कापायला जायची गरज नव्हती. त्यांचे कपाळ पुरेसे होते.

याच शहरात पुढे असे बळी खरोखर दिले गेले, तेव्हा गोष्ट उलटी होती. १९८१ साली तोआ पायो वसाहतीत ९ वर्षांची एक मुलगी आणि १० वर्षांचा एक मुलगा यांचे खून झाले. करणारा एड्रियन लिम नावाचा माणूस. आपल्या अंगात देवता येतात असे सांगून तो बायकांना नादी लावी. त्याच्या दोन साथीदारणी त्याच्याच घरात राहत. १९८३ साली खटला चालला आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये तिघांना फाशी झाली. त्या माणसाच्या कपाळावर काहीएक लिहिलेले नव्हते. उलट लोक आपली दुखणी आणि संकटे घेऊन आपल्या पायांनी त्याच्या दारी जात होते.

हे सारे दुसऱ्यांचे झाले. आता माझे सांगते.

१९८४ साली मी मुंबईच्या एका उपनगरात मराठी शाळेत शिकवीत होते. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. सहलीचे जमा केलेले पैसे टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. रक्कम मोठी नव्हती, पण माझ्या पगाराच्या मानाने लहानही नव्हती. वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील घरफोडीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होते. हे सगळ्या शाळेला ठाऊक होते. पैसे गेले असे मी म्हणताच चाळीस माना त्याच्या बाकाकडे वळल्या. खरे सांगते, माझीही वळली.

शाळेचा शिपाई म्हणाला, "बाई, तांदूळ द्या चघळायला. चोराचा तांदूळ सुका निघतो." हा प्रकार आपल्याकडे सर्वत्र माहीत आहे. मंतरलेले तांदूळ तोंडात टाकायचे, थोड्या वेळाने थुंकायचे. ज्याच्या तोंडाला कोरड पडली तो चोर. मी डी.एड. झालेली, अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी बाई. मी "नाही" म्हणायला हवे होते. मी म्हणाले, "मंतर वगैरे नको, नुसते द्या." जणू एवढ्याने ते शास्त्र झाले! मुलांनी ओळीने तांदूळ चघळले. त्या मुलाच्या तळहातावर पडलेले दाणे कोरडे ठणठणीत होते.

आज कोणीही सांगेल की भीतीने तोंडाची लाळ आटते. चोराची आटते तशी, ज्याच्याकडे चाळीस डोळे लागले आहेत त्याचीही आटते. आजीच्या ओळीत कपाळाकडे हात नेणारा मी कित्येकदा वडी न खाता नेला होता, हे मला त्या क्षणी आठवायला हवे होते.

मी त्याला मारले नाही. मोठ्या बाईंकडे पाठवले. आठ दिवस तो आला, मग येईनासा झाला. वार्षिक परीक्षेच्या वेळी हजेरीपटाचे खाकी कव्हर बदलायला काढले, तर आत नोटा. मीच कधीतरी पटात ठेवल्या होत्या आणि त्या घसरून कव्हरात गेल्या होत्या. त्याच्या घरी गेले. खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, आई मुलांना घेऊन गावी गेली. कोणते गाव, ते तिला माहीत नव्हते.

मिश्नाच्या बाबा मेत्सिया भागात शब्दांनी केलेल्या अन्यायाबद्दल शिकवण आहे. ज्याने पश्चात्ताप केला आहे त्याला त्याच्या मागच्या कृत्यांची आठवण करून देऊ नये, असे तिथे बजावले आहे. ही शिकवण ज्याने गुन्हा केला त्याच्याबद्दल आहे. मग ज्याने काहीच केले नाही, फक्त बाप चुकला, त्याचे काय? त्याला यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात उत्तर आहे: मुलगा बापाचा अन्याय वाहणार नाही. हा अध्याय मला पाठ होता.

काइनाच्या गोष्टीत एक वचन आपण बहुधा घाईत वाचून जातो. शाप मिळाल्यावर, खूण मिळाल्यावर त्याला मुलगा झाला आणि त्याने एक नगर बांधले; नगराला स्वतःचे नव्हे, मुलाचे नाव दिले. इथले नवे सेंट अँड्र्यूज देऊळ १८५६ ते १८६२ या काळात उभे राहिले. ते बांधले कोणी? ज्यांच्यावर मुंडकी कापण्याचा आळ आला होता त्याच कैद्यांनी. भिंतींचा चुना शिंपल्यांचा. त्यात अंड्याचा पांढरा बलक आणि गूळ घोटून, नारळाची सोडणे भिजवलेले पाणी घालीत. वाळल्यावर स्फटिकाने घासून चकाकी आणीत. इथला जुना राजवाडा, म्हणजे आजचे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, तोही त्यांच्याच हातचा. सुटल्यावर पुष्कळांनी इथेच संसार थाटले. कोणी बैलगाड्या ठेवल्या, कोणी गाईम्हशी.

उलट दिशेनेही ही ये-जा होती. सिंगापूर-पिनांगकडचे चिनी कैदी मुंबई इलाख्यात जात. महाबळेश्वरला त्यांचा तुरुंग होता. बटाटे आणि भाजीपाला त्यांनी तिथे पिकवला. 'चायनामन' म्हणून तिथे धबधबा दाखवतात, तो त्यांच्यावरून. आम्ही सहलीला मुले तिथेच नेली होती. पैसे मी पदरचे भरले होते, आणि तो मुलगा बसमध्ये नव्हता.

दारफाळणीच्या सणाला आपण दिवसभर उपास करतो. पण मिश्नाच्या योमा भागात स्पष्ट आहे की माणसाने माणसाचा केलेला अपराध किप्पूरच्या दिवसाने फिटत नाही. ज्याचा अपराध केला त्याची समजूत काढावी लागते. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. मुंबईला गेले की मी त्या वस्तीत जाऊन चौकशी करते. चाळ पडून तिथे इमारत झाली आहे, आणि जुन्या माणसांत आता एकच म्हातारा वाणी उरला आहे. मागच्या खेपेला त्याने एवढेच सांगितले की मुलाची आई महाडकडची होती.